व्ही-ब्रेकच्या सायकलला डिस्क ब्रेक बसवता येतंय काय?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. सायकल जुनी आहे, २६ इंची चाकं, स्टीलची फ्रेम, पुढं-मागं व्ही-ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला (रिमला) दोन्हीकडून रबर दाबणारे. उन्हाळ्यात काय तक्रार नाही, पण पाऊस लागला की बेळगावहून जांबोटी-कणकुंबीकडं जायचं म्हणजे जीव मुठीत, लिव्हर पार हँडलला टेकतंय तरी सायकल पुढं जातेच आणि चाक दोन-तीन वेळा फिरल्यावर कुठं पकड येते. गेल्या रविवारी राजहंसगडाच्या उतारावर म्हैस आडवी आली, चप्पल घासत थांबलो ओ. उद्यमबागेतला ओळखीचा वेल्डर म्हणतोय डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरसाठी फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, पट्टी मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. करू काय?

खानापूर रोड:
नको ओ, अजिबात नको! व्ही-ब्रेकचा जोर फोर्कच्या वरच्या जाड भागावर येतो, डिस्कचा सगळा जोर डाव्या पायाच्या खालच्या टोकाला, जिथं पाइप सगळ्यात बारीक असतोय. त्यात वेल्डिंगच्या उष्णतेनं पट्टीच्या कडेचा पाइप कमजोर होतो, तडा गेला तर उतारावरच जाणार. आणि डिस्कचं कॅलिपर मागच्या बाजूला असल्यानं ब्रेक दाबला की चाकाचा ॲक्सल ड्रॉपआउटमधून (तो बसतो त्या खाचेतून) खाली ढकलला जातो, त्या हिशोबानं बनवलेला फोर्कच पाहिजे. शिवाय तुमच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, डिस्क बसवणार कुठं? त्याला वेगळी जागा लागते, बहुतेक ६ बोल्टची.

घाटवाट:
मी केलंय, पण फक्त पुढं. डिस्क माउंटचा फोर्क, डिस्क हबचं चाक, १६० मिमीची डिस्क आणि केबलवालं कॅलिपर. कॅलिपर माउंटन बाइकचंच घ्या म्हणजे व्ही-ब्रेकचं लिव्हर चालतं, रोड बाइकवाल्या कॅलिपरला केबल कमी ओढायला लागते, ते जुळत नाही. माझ्या जुन्या फोर्कचा हँडलकडं जाणारा वरचा पाइप २८.६ मिमीचा, बिनआट्याचा होता म्हणून नवा सरळ बसला. तुमचा १ इंची आट्याचा असेल तर तसा डिस्क फोर्क शोधून दमाल, आधी तेवढं मोजा. मागं व्ही-ब्रेकच ठेवलाय, उतारावर वजन पुढं येतं त्यामुळं थांबवायचं काम मुख्य पुढचाच करतो.

निपाणी पेडल:
एक विचारू काय, तुमची रिम कशाची आहे? चुंबक लावून बघा की. चिकटलं तर स्टीलची, आणि चकचकीत क्रोमच्या स्टील रिमवर पाणी पडलं की रबर नुसतं घसरतं, तुम्ही सांगताय अगदी तसंच. ॲल्युमिनियमची असेल तर ब्रेक शू काढून उन्हात धरून बघा, रबरात बारीक चंदेरी कण रुतलेले दिसतील, ते सुईनं एकेक काढा आणि रबरावर जरा पॉलिश पेपर मारा. आमच्या पोराच्या सायकलीचा करकर आवाज तेवढ्यानंच गेला आणि पकड पण सुधारली.

टिळकवाडीकर:
फ्रिजवरचं चुंबक आणून लावलं, दोन्ही रिमला गच्च चिकटलं! फोर्क पण १ इंची आट्याचाच निघाला. वेल्डरला फोन करून नको म्हणून सांगितलं. आता दोन ॲल्युमिनियमच्या रिम आणि नवे शू घालतो, हब जुनेच ठेवायचेत. पुढचा हब मोजला, ३६ भोकांचा आहे, म्हणजे रिम पण ३६ चीच लागणार ना? आणि जुने स्पोक चालतील की नवीन लांबीचे घ्यायला लागतील?

घाटवाट:
३६ चीच. स्पोक मात्र नवीन रिम हातात आल्यावरच घ्या, रिमची खोली बदलली की लांबी बदलते.