पायगुण हा शब्द या ग्रुपवर नको

(माझ्या भावाच्या लग्नाआधी आमच्या घरच्या ग्रुपवर झालेलं बोलणं, मंगळवार संध्याकाळ ते रात्र)

मी: सारखे फोन येताहेत म्हणून सगळ्यांना एकदमच कळवते. बाबा दुपारी माळ्यावरून आजीचं पितळी माप काढायला स्टुलावर चढले आणि तोल गेला. खुब्याचं हाड मोडलंय. कराडलाच ॲडमिट केलंय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे ऑपरेशन लगेच नाही, गुरुवारी करतील. आई त्यांच्यापाशी आहे. काही विचारायचं असेल तर मला फोन करा, आईला नको.

मोठे काका: अरे देवा. लग्न नऊ दिवसांवर आलंय. साडेचारशे पत्रिका वाटून झाल्यात.

धाकटी काकू: ऐन षड्रात्रीत, देव्हाऱ्यात घट बसलेले असताना असं व्हावं? खंडोबाचं काही करायचं राहिलं का आपल्याकडून?

सांगलीची मामी: मला साखरपुड्यापासूनच धाकधूक आहे. साखरपुडा झाला आणि आठवड्यात नवरदेवाची गाडी घसरली. आता हे. मुलीची पत्रिका नीट दाखवली होती ना? राग मानू नका, पण पायगुण बघतात ते उगीच नाही.

मी: मामी, होणाऱ्या वहिनींना केळवणाच्या दिवशीच या ग्रुपमध्ये घेतलंय. त्या वाचतायत.

(यानंतर बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही.)

रत्नागिरीची आत्या: फोनच करणार होते, पण जे इथे लिहिलं गेलं त्याचं उत्तर इथेच द्यायला हवं. मोठं आहे, तरी पूर्ण वाचा.

माझ्या मुलीचं लग्न 2021 च्या अक्षय्य तृतीयेला झालं, 14 मे. सहाशे माणसांचा बेत होता. एप्रिलमध्ये नियम आला, लग्नाला 25 माणसं, सगळं दोन तासांत उरकायचं, मोडलं तर 50,000 रुपये दंड. सहाशेतून पंचवीस नावं निवडताना मी वही मिटून रडले आहे. दुकानं बंद, अंतरपाटाला नवं कापड मिळेना. शेवटी ह्यांचं उपरणं धरलं. त्याच्या एका टोकाला तुपाचा जुना डाग होता, तो भटजींनी मुठीत लपवला. माझा सख्खा भाऊ, जो आज दवाखान्यात पडलाय, तो भाचीच्या लग्नाला येऊ शकला नाही. त्याने कराडला मोबाईलवर मंगलाष्टका ऐकल्या आणि घरातल्या देवांवर अक्षता टाकल्या.

एवढ्यावर भागलं नाही. दोनच दिवसांनी तौक्ते वादळ आलं. देवगडला तिच्या सासरी पडवीची कौलं उडाली, दारातला माड विहिरीवर आडवा झाला. लाईट गेली ती कितीतरी दिवस आली नाही. शेजारच्या एक बाई विहीणबाईंना म्हणाल्या, सून आली ती काय काय घेऊन आली बघा. विहीणबाई तेव्हा फुटलेली कौलं गोळा करत होत्या. हातातलं कौल तसंच धरून म्हणाल्या, "वादळ समुद्रातून आलं, माझी सून रत्नागिरीतून आली. गणपतीपुढे नारळ ठेवून मागून घेतलेली मुलगी आहे ती. त्याने दिलं आणि मी नावं ठेवू?"

मी तोवर देवाला रोज एकच विचारत होते, माझ्याच मुलीच्या वेळी हे का? विहीणबाईंचं ऐकल्यावर ते विचारणं थांबलं. उत्तर मिळालं नव्हतं, पण आपण काय मागितलं होतं आणि त्याने काय दिलं ते मला दिसलं.

काकू, घट बसलेले असताना पाय घसरला म्हणून खंडोबा कोपला असं मनात आणू नकोस. वर्षानुवर्षं आपण त्याला भंडारा वाहतो ते काय भिऊन? आणि मामी, तुमचा देवावर विश्वास आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच लिहिते. ही मुलगी त्यानेच आपल्या घरात पाठवली असं साखरपुड्याला तुम्हीच म्हणाला होतात. मग ते धरून राहा ना. स्टूल डळमळीत होतं, त्यात त्या पोरीचा काय दोष? पायगुण हा शब्द या ग्रुपवर परत नको.

मामा: ताई, बरोबर बोललीस. मी एकोणीस वर्षं माउलींबरोबर चालत गेलो. 2020 ला वारी बंद. आषाढीच्या आदल्या दिवशी, 30 जूनला, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. टीव्हीवर ती फुलांनी सजवलेली एसटी बघताना पाय थरथरत होते माझे. पण पादुका पोचल्या. पांडुरंगाने असं कधी म्हटलं नाही की चालत आलात तरच घेईन.

मोठे काका: सगळं खरं, पण निर्णय घ्यायलाच हवा. हॉलवाल्याला उद्या सांगायचंय. तारीख ठेवली तर देवकाला मी आणि ही बसू शकतो. पुढे ढकललं तर पौष लागतो. पौषात लग्न कसं करायचं?

मी: बाबांचा निरोप आहे, आईने फोन त्यांच्या तोंडापाशी धरला होता. म्हणतायत, "माझ्यासाठी काही थांबवू नका. मी इथून अक्षता टाकेन. सवय आहे मला."

मी: आजी शेजारी बसलीय, ती सांगते तसं लिहिते. "पौषात लग्न नको म्हणणाऱ्यांनी पालीला जाऊन बघा. आपल्या खंडोबाचं आणि म्हाळसेचं लग्न पौषातच लागतं, तारळीच्या काठी, गोरज मुहूर्ताला. लाखो माणसं अक्षतांना उभी असतात. देवाला जो महिना चालतो तो आपल्याला का चालू नये?"

होणाऱ्या वहिनी: मी आत्तापर्यंत काही लिहिलं नाही. मामी, वाचून वाईट वाटलं, हे लपवत नाही. पण तुम्ही काळजीपोटी लिहिलंत हेही कळतंय. माझे बाबा इथेच बसलेत, आम्ही दोघांनी ठरवूनच लिहितेय. आम्हाला थांबायचंय. तुमच्या बाबांनी एकदा मोबाईलवरून अक्षता टाकल्यात, दुसऱ्यांदा नको. ते वॉकर घेऊन का होईना, पण मांडवात उभे राहतील तेव्हाच लग्न. पौष असला तर असू दे. आजी म्हणतात तसं, आम्ही देवाच्या महिन्यात करू.

नवरदेव: मला हेच म्हणायचं होतं, धीर होत नव्हता.

सांगलीची मामी: चुकलं माझं. भीतीने लिहिलं गेलं. उद्या सकाळच्या गाडीने येते, दवाखान्यात रात्री मी थांबेन. तुझ्या आईला जरा झोपू दे.

मोठे काका: हॉलवाल्याशी बोललो. पौषात त्याच्याकडे कोणी नसतंच, ॲडव्हान्स तसाच पुढे धरतो म्हणाला. नेमकी तारीख डॉक्टर काय सांगतात त्यावर. पत्रिका गेलेल्या साडेचारशे घरांची यादी करतो. प्रत्येकाने पन्नास-पन्नास फोन वाटून घ्या. आणि मेसेज नाही, फोनच करा.

आई: आत्ताच ह्यांना सगळं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, माझा हात घट्ट धरून ठेवला. ते माप इथेच आलंय, ॲम्ब्युलन्समध्ये हातातून सोडलंच नव्हतं. कडेला पोचा पडलाय. तांबटाकडे देऊ का?

मी: आजी म्हणते, देऊ नकोस. घासून घरी पाठव. त्यात तांदूळ भरून ती आजच ते देवापाशी ठेवणार आहे.