उन्हाळ्यात लेकरांचे चिखल-रंगाचे खेळ : तुमच्याकडे कसं जमवता? (अनुभव धागा)

उन्हाळा लागला की आमच्याकडे मामाच्या गावाला आलेली पाच-सहा लेकरं असतात, सगळी तीन ते सात वर्षांची, आणि सकाळी नऊनंतर अंगणात अनवाणी पाय ठेवायची सोय नसते. मोबाइलवर 'लहान मुलांसाठी बाहेरचे रंगांचे खेळ' शोधलं तर जे सापडतं ते सगळं ऊन हवंहवंसं वाटणाऱ्या मुलखातलं. दुपारी बाहेर चादर अंथरा, रंगांच्या वाट्या मांडा, मुलांना मोकळं सोडा! आमच्या गावात मे महिन्याच्या दुपारी अंगणात चादर अंथरली तर शेजारीण विचारेल, पापड घातले का सरगुंडे?

आमचा भाग यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. माझं जे जमलंय ते सांगते. वेळ पहाटे सहा ते फार तर साडेआठ. जागा निंबाखाली, गोठ्याच्या मागच्या मातीच्या भिंतीजवळ. ती भिंत पोरांना देऊनच टाकली आहे. कागद आणि पोस्टर रंग सोडून दिले, कारण कोरड्या हवेत रंग ब्रशवरच वाळतो आणि कागद वाऱ्यावर शेजारच्या वावरात जातो. त्याऐवजी गेरू, पांढरी माती, विझलेला कोळसा. ब्रश म्हणजे निंबाची काडी ठेचून केलेला कुंचा.

सगळ्यात जास्त चालला तो नुसत्या पाण्याचा खेळ. ओला कुंचा भिंतीवर फिरवायचा, ओलं तिथं गडद दिसतं. बैलाचं शेपूट काढेपर्यंत शिंगं वाळून गेलेली असतात. मग शिंगं परत काढायची, तोवर शेपूट जातं. माझा भाचा अर्धा तास त्या एका बैलामागे लागला होता आणि बैल काही पुरा झाला नाही. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, वाईट वाटलं ते फोटो काढायला आलेल्या त्याच्या आईला.

तुम्ही जागा, वेळ, माती, रंग, पाणी यांचं कसं जमवता? आणि काय अजिबात करू नये? छान छान कृती नकोत, घडलेलं लिहा.

अंगणवाडी सेविका, दर्यापूर तालुका

ताई, आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतली कितीतरी गावं अशी आहेत की विहीर खोदली तरी पाणी खारंच. पिण्याचं पाणी वेगळं, नळाचं, ते रंगात घालायचं म्हटलं तर गावातल्या बायका मला उभी सोडणार नाहीत. म्हणून रंगकामाला बोअरचं खारं पाणी.

त्यातून एक गंमत झाली. काळ्या फरशीवर पोरांनी खाऱ्या पाण्यात कालवलेल्या गेरूनं हात उमटवले. वाळल्यावर हातांच्या कडेनं पांढरी बारीक कणी आली, मिठाची. पोरांना वाटलं रंगाला केस फुटले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गेरू नकोच, 'केसवालं पाणी' पाहिजे. मग नुसतं खारं पाणी फरशीवर ओतायचं, बोटानं वाटेल ते काढायचं आणि पोषण आहार होईस्तोवर वाट पाहायची. फरशी सावलीतलीच घ्या. उन्हातली फरशी सकाळी नऊलाही पाय भाजते, आणि टिनाच्या पत्र्याजवळ तर लेकराला उभंही करू नका.

एक नियम आहे : सगळ्यांत मिळून एक बादली. हात धुवायला घमेलं, आणि त्या घमेल्यात शेवटी जो चिखल उरतो तो दुसऱ्या दिवशीचा रंग.

निवृत्त शेतकरी, मूर्तिजापूरकडले

आमच्या वक्ती चिखलात लोयलं का पाठीत धपाटा भेटे. आता सून म्हन्ते, बाबा, तुमीच न्या लेकराइले चिखलात. बरं हाय बाप्पा.

माती कोनती घ्याची हे पह्यले पाहा. वावरातली कायी माती हाताले लय गोड लागते, पन तिचा बैल केला त संध्याकायपर्यंत त्याच्या पोटाले अशी भेग पडते का त्यात बोट जाते. वल्ली असली का फुगते, वायली का आकसते, तिचा सभावच तो. त्यात थोडी रेती अन् गव्हाचं बारीक कुटार, म्हंजे भुसा, मियवा. हरभऱ्याचं कुटार नोका घेऊ, लेकराच्या हाताले टोचते. बैल झाला का उनात नाही ठेवाचा. सावलीत ठेवाचा अन् वरून वल्लं पोतं टाकाचं, सावकाश वायू द्याचा.

अन् माती भिजवाच्या आंधी काडीनं उलटीपालटी करून पाहा. उनायात वल्ली जागा पाहून इच्चू येते. रांजनाखाली, इटाइच्या खाली त हमखास. लेकराले आपल्या हातानं ढेकूळ उचलू देऊ नोका.

नातीले म्हनलं बैल कर. तिनं टॅक्टर केला. चाकं पाच. मी म्हनलं, पाचवं कायले वं? त म्हन्ते, आबा, स्टेपनी.

शिक्षिका, अर्जुनी मोरगाव तालुका

आमच्या पूर्व विदर्भातलं गणित वेगळं आहे. इथं तलाव, बोड्या (छोटी तळी) आहेत, पण उन्हाळ्यात आईबाप घरी नसतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्त्याला पहाटेच जंगलात जातात. लहान लेकरं आजीजवळ, नाहीतर आईच्या मागं झाडाखाली. त्यामुळे तुमची सहा ते साडेआठची वेळ आमच्याकडे चालत नाही. आम्ही ऊन उतरल्यावर साडेपाचला बोडीकाठी जमतो.

बोडी आटत आली की काठाचा गाळ लोण्यासारखा मऊ असतो, खडा नाही, काटा नाही. पोरं कोपरापर्यंत हात घालतात. खोल पाण्याकडे मात्र एक मोठं माणूस पाठ न वळवता बसलेलं पाहिजे. आमच्याकडे हे काम गावातल्या एका आज्जी करतात. त्या चित्रांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, फक्त डोकी मोजतात.

रंग म्हणाल तर पळस. फुलं शिमग्याच्या सुमाराला खाली पडलेली वेचून सावलीत वाळवून ठेवायची. उन्हाळ्यात गरम पाण्यात भिजत घातली की पिवळा रंग उतरतो, त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की तोच केशरी होतो. सोडा टाकायचं काम मी स्वतः करते, पण पोरं गोल करून बसतात आणि रंग फिरला की ओरडतात. तेंदूची फाटकी, विक्रीच्या पुड्यात न चालणारी पानं आई घेऊन येते. पानाच्या मागच्या शिरा जाड असतात, गाळात दाबून तनसाच्या (भाताच्या पेंढ्याच्या) पुठ्ठ्यावर नाहीतर जुन्या धोतरावर उमटवलं की शीर न् शीर दिसते.

एक वाचक, चिखली तालुका

राग मानू नका, पण हे सगळं वाचून थोडं खटकलं. आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो. बाया गुंडं घेऊन रांगेत असतात आणि तिथं पोरांनी भिंतीवर पाणी उडवायचं? वाळूत रेघोट्या मारल्या तर काय बिघडतं? कोरडा खेळ नसतो का?

दर्यापूरच्या अंगणवाडी सेविका

दादा, रागाचं काही नाही, तुमचं बरोबर आहे. ज्या गावात टँकर आहे तिथं मीही कोरडंच करीन. आमचं पाणी पिण्याजोगं नाही म्हणून ही चैन. भांडी धुतलेलं पहिलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, कूलरच्या टाकीतलं बदलायचं पाणी, चिखलाला हे सगळं चालतं. फक्त कूलरचं पाणी बरेच दिवस साचलेलं, डासाच्या अळ्या झालेलं नको. आणि कोरड्यात नुसती वाळूच कशाला? राख, मुरूम, विटेचा चुरा, पांढरी माती चाळून तीन-चार रंग होतात, चिमटीनं रांगोळी घालायला सांगा. मात्र वारा सुटला की खेळ बंद, डोळ्यांत जातं. राखेत ठिणगी उरलेली नाही हे आधी हात घालून आपण पाहायचं.

शेतकरी, कळंब तालुका (यवतमाळ)

मूळ प्रश्नातल्या 'काय करू नये' वर लिहितो, कारण त्यावर अजून फारसं कोणी बोललं नाही.

शेतातल्या घरात रंग कालवायला डबा शोधला की हाताला पहिला काय लागतो? औषधाचा डबा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, बाटली, मोजमापाचं टोपण, जुना पंप यातलं काहीही कितीही धुतलं तरी लेकराच्या खेळात नको. आमच्या जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. ती तर मोठी माणसं होती. पोरगं तर बोटं तोंडात घालतं.

दुसरं बियाणं. मे अखेर घरात कपाशीच्या बियाण्याची पाकिटं येतात. ते बी गुलाबी, लाल, हिरवं असं रंगवलेलं असतं. चिखलाच्या थापीत खोचायला लेकराला याहून सुंदर दुसरं काय मिळणार? पण तो रंग शोभेचा नाही, बियाण्याला औषध चोळलंय ही त्याची खूण आहे. सोयाबीनला घरी बीजप्रक्रिया करता तेव्हाही तेच. आमच्या घरी पाकिटं आली की वरच्या फळीवर, आणि पोरांना खोचायला चिंचोके, सीताफळाच्या नाही तर सिंदीच्या बिया. सीताफळाच्या बिया कुटू मात्र देऊ नका, तो भुगा डोळ्यात गेला तर फार जळजळ होते. त्यापेक्षा चिंचोकेच बरे. घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर चिंचोकेही नकोत, नाकात घालतात.

खताच्या रिकाम्या गोण्या अंथरायलाही नको. जुनी सतरंजी अंथरा.

आरोग्य सेविका, ब्रह्मपुरी तालुका

दरवर्षी देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत आमचं नाव येतं, म्हणून थोडक्यात. रंगाच्या नादात लेकरू पाणी मागत नाही. दर वीस मिनिटांनी आपणच घोट-घोट पाजायचं. पन्हं, मठ्ठा, लिंबू-साखर-मीठ, काहीही. घरची जलसंजीवनी करायची तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. लेकरू अचानक गप्प झालं, चिडचिड करू लागलं, लघवी कमी झाली, अंग तापलं की खेळ तिथंच थांबवा, सावलीत घ्या, ओल्या फडक्यानं पुसा. झोपाळलं, उलट्या सुरू झाल्या किंवा हाक मारल्यावर नीट पाहत नसेल तर सरळ दवाखाना गाठा, आणि अशा लेकराच्या तोंडात पाणी ओतू नका. खिशात कांदा ठेवला तरी चालेल, पण कांद्याच्या भरवशावर दुपारी बाराला बाहेर ठेवू नका.

काटोलकडची आई

त्या मोबाइलवरच्या खेळांतला रंगीत बर्फ आम्ही केला. बीटाचं पाणी, पालकाचं पाणी, साच्यात काड्या. रात्री लाइट गेली, सकाळी अर्धवट गोठलेला लगदा निघाला. पोरांनी तो सिमेंटच्या ओट्यावर ओतला आणि बोटांनी पसरवला. धाकटीनं चाखला. पदार्थ घरचेच असल्यामुळे मी काही बोलले नाही.

हळद पिकवणारं घर, समुद्रपूर तालुका

आम्ही वायगावजवळचे. आमच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे घरात रंगाची ददात नाही! जुन्या पांढऱ्या कापडाला हळदीचं घट्ट पाणी लावून वाळवायचं. उन्हाळ्यात वाळायला वेळच लागत नाही. मग पोरांना कपडे धुवायच्या साबणाचं पातळ पाणी आणि कापसाचा बोळा द्यायचा. पिवळ्यावर साबण लागला की लाल रेघ उठते. लिंबू पिळलं की परत पिवळी. पोरं नुसती वेडी होतात. साबणाचं पाणी डोळ्याला लागू देऊ नका, आणि चुना या खेळात आणू नका. त्यानंही लाल होते, पण चुना हात भाजतो.

धागाकर्ती

समुद्रपूरच्या ताई, हे आज संध्याकाळीच. पण फ्रॉकवरच्या हळदीच्या डागाचं काय? आमच्या वहिनींनी मागच्या वेळी साबण लावला आणि डाग लाल झाला, त्यांना वाटलं रक्त आहे.

समुद्रपूर

लाल झाला तर घाबरायचं नाही. साध्या पाण्यानं खळखळून धुतला की परत पिवळा होतो. मग फ्रॉक ओलाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, फिकट होत जातो. एका उन्हात नाही गेला तर दुसऱ्या दिवशी परत टाका.

मूर्तिजापूरकडले आजोबा

अन् धोतरावरचा गेरू?

समुद्रपूर

आजोबा, तो नाही निघत. ते धोतर आता नातीलाच देऊन टाका, तनसाच्या पुठ्ठ्याऐवजी कामी येईल.