'आपला देव भस्म करणारा अग्नी आहे' हे वचन फक्त घाबरवायला आहे का?

तापीकाठचा
सलाम सगळ्यांना. आमच्या नवापूर साइडला चर्चच्या संजीवन सभा (विश्वास जागवायच्या सभा) झाल्या, मंडप, स्पीकर, जेवणावळी, सगळं झकास. पण पाहुण्या पाळकांनी एकच वचन धरून ठेवलं, इब्री १२:२९, 'आपला देव भस्म करणारा अग्नी आहे', आणि त्याचा अर्थ काय तर दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, चुकवला की जळालात, उपासना बुडवली की जळालात. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाया रडायला लागल्या.

माझं म्हणणं असंय की हे वचन मुळात बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून, ४:२४ मधून आलंय, आणि तो अध्याय पूर्ण वाचा ना राव. इस्राएलांचा पुढारी मोशे लोकांना होरेब डोंगराची आठवण देतोय, डोंगर पेटला होता, आगीतून आवाज आला पण आकार काहीच दिसला नाही, म्हणून मूर्ती करू नका. मग २४ मधे भस्म करणारा अग्नी. आणि पुढे ३१ मधे काय, तुझा देव दयाळू आहे, तो तुला सोडणार नाही. सात ओव्या खाली फक्त! तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. शिवाय मोशेला देव पहिल्यांदा भेटला तेव्हा झुडूप पेटलेलं होतं पण जळत नव्हतं, आणि त्याच आगीतून देव सांगतो की मिसरातल्या (इजिप्तमधल्या) माझ्या लोकांचे हाल मी पाहिलेत. ते लोक तिथून निघाल्यावर रात्री वाटेवर उजेड द्यायला पण अग्निस्तंभच. म्हणजे आग म्हणजे आधी 'देव इथे आहे', शिक्षा नंतर.

वचनवाला_धुळे
भाऊ, अर्धं वचन तुम्ही पण सांगताय. झुडपापाशी मोशेला आधी जोडे काढायला लावले आणि त्याने भीतीने तोंड झाकलं, निर्गम ३:६, हे का गाळलं? लेवीय ९ च्या शेवटी परमेश्वरापासून अग्नी निघून वेदीवरचं अर्पण भस्म करतो, लोक आनंदाने ओरडतात. लगेच पुढच्या अध्यायात मोशेचा भाऊ अहरोन, त्याची पोरं नादाब आणि अबीहू, आज्ञा नसलेला अग्नी घेऊन गेले, आणि तसाच अग्नी निघून ते दोघं खलास. दोन्हीकडे परमेश्वरापासूनच निघालेला अग्नी. आणि इब्री तर नव्या करारात आहे, वरचीच ओवी म्हणते आदर आणि भय धरून सेवा करा. भय काढलं तर देवाचा शेजारचा काका होतो, कधीपण जा, चहा पिऊन या.

सराफगल्ली_जळगाव
मी ख्रिस्ती नाही, मिसेस चर्चला जाते, तिच्या पुस्तकातलं मलाखी ३ वाचलंय कारण आमच्या धंद्याचं आहे. देवाकडून येणारा तो रुपं, म्हणजे चांदी, गाळणाऱ्यासारखा 'बसेल' असं लिहिलंय बघा. लिहिणाऱ्याने कारागीर जवळून बघितलेला असणार. जुना माल मुशीत टाकायचा, टाकणखार टाकायचा, पेटवायचं, मग तांबं वगैरे काळं पडून टाकणखारात अडकतं आणि मळी वरती येते, ती काढायची, परत तापवायचं. जागचं उठता येत नाही, नजर हलली की नुकसान. मे महिन्यात आमच्या जळगावच्या उन्हात भट्टीपाशी बसून दाखवा कोणी. माल जाळायचा असता तर एवढा वेळ कोण बसलं असतं हो?

वचनवाला_धुळे
मस्त लिहिलं शेठ. पण मग यिर्मया ६:२९-३० पण वाचायला सांगा वहिनींना. भाता फुंकून फुंकून दमला, शिसं संपलं, गाळणं वाया गेलं, कारण दुष्ट वेगळे निघालेच नाहीत, म्हणून त्यांना टाकाऊ रुपं म्हटलंय. प्रत्येक माल शुद्ध होऊनच बाहेर येतो असं बायबल म्हणत नाही.

सराफगल्ली_जळगाव
हे बरोबर आहे. काही माल नुसता मुलामाच निघतो.

भुसावळ_जंक्शन
आम्ही कॅथलिक. पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, आमच्याकडे फादर लाल झगा घालतात, का तर प्रेषित २ मधे अग्नीच्या जिभा एकेकावर उतरल्या, आणि एक केस पण जळाला नाही कोणाचा. सातव्या शतकात निनवेचा बिशप इसहाक होऊन गेला, तो तर म्हणतो नरकातले फटके पण प्रीतीचेच फटके आहेत. आग एकच, तुम्ही कसे उभे राहता त्यावर आहे. मला हे पटतं. शुद्धिस्थानाचा (मेल्यावर आत्मे शुद्ध होतात असं आम्ही कॅथलिक मानतो ती जागा) विषय काढत नाही, नाहीतर धुळेवाले मला इथेच भाजतील.

वचनवाला_धुळे
😄 नका काढू.

सातपुडा_पोऱ्या
मी अक्कलकुवा तालुक्यातला. आमच्याकडे काठीची राजवाडी होळी असते, रात्रभर ढोल, पहाटे पेटते, चुलतभाऊ बुध्या (होळीतला सजलेला नाचणारा) बनून नाचतात. मंडळीत, म्हणजे चर्चमधे, सांगतात तिकडे फिरकू नको, आग देव नाही. बरं. मग रविवारी सांगतात आपला देव अग्नी आहे. माझी आजी विचारते मग भांडण कसलं रे. काय सांगू तिला?

तापीकाठचा
दादा, आजीचा प्रश्न सगळ्यात भारी आहे. मी १ राजे सांगेन. १८ मधे कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी पडतो, सगळे पालथे. लगेच १९ मधे तोच एलीया होरेबावर उभा, वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि लिहिलंय की परमेश्वर अग्नीत नव्हता, नंतर मंद वाणी आली. म्हणजे आगीवरून देव कसा आहे ते कळतं, पण देवाला आगीत कोंडता येत नाही. होळीला नाचायला जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण चुलतभावांशी बोलणं तोडू नका.

आणि वचनवाले, लूक ९:५४ वर बोला. शोमरोनी गावाने येशूला उतरू दिलं नाही तर याकोब आणि योहान विचारतात, आकाशातून आग पाडू का? येशूने त्यांनाच दटावलं. आजचे आग पाडणारे कोणाच्या बाजूचे?

वचनवाला_धुळे
लूक ९ मान्य, शंभर टक्के. पण त्यातून एवढंच निघतं की आग मागायचा हक्क माणसाचा नाही. देवाची आग त्याने विझत नाही. तुमचं भांडण त्या पाळकांशी आहे ना, मग सभेनंतर त्यांनाच का नाही विचारलं?

तापीकाठचा
विचारलं. म्हणाले मलाखी ३:१० वाच, सगळे दशांश भांडारात आणा.

वचनवाला_धुळे
अरे मग त्याच अध्यायातलं ३:३ का नाही दाखवलं! तो गाळणारा बसतो ते पहिल्यांदा लेवीच्या वंशाला शुद्ध करायला, म्हणजे याजकांना, देवाच्या पुरोहितांना. नादाब अबीहू पण याजकच होते. पुढच्या सभांची तारीख टाक इथे, मी येतो धुळ्याहून.