चेतापेशींना लागण होत नाही, तरी मेंदू कसा बिघडत जातो? (एसआयव्ही आणि माकडे) – मदत हवी आहे

नमस्कार,

पदव्युत्तर वर्गातील सेमिनारसाठी मी एचआयव्ही आणि मेंदू हा विषय घेतला आहे. माणसाच्या मेंदूतील बिघाड आठवड्या-आठवड्याने पाहता येत नाही, म्हणून एसआयव्हीची (एचआयव्हीशी नाते असलेल्या, माकडांतील विषाणूची) लागण केलेल्या मकाक माकडांवरील अभ्यास वाचत आहे. पण एका मुद्द्यापाशी अडकलो आहे.

जेवढे समजले तेवढे आधी मांडतो. लागण झालेल्या मोनोसाइट पेशींमधून (रक्तातील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींमधून) विषाणू पहिल्या दोन आठवड्यांतच मेंदूत पोहोचतो आणि रक्तवाहिन्यांलगतच्या मॅक्रोफेज (भक्षक) पेशींत व मायक्रोग्लियात, म्हणजे मेंदूतील प्रतिकारपेशींत, बस्तान बसवतो. चेतापेशींना त्याची लागण होत नाही. त्यांचा घात होतो तो आसपासच्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांनी, म्हणजे विषाणूची जीपी१२० व टॅट ही प्रथिने, टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन, चेतापेशींना घातक असे क्विनोलिनिक आम्ल आणि ॲस्ट्रोसाइटना (चेतापेशींच्या आधारपेशींना) वेळेवर शोषून घेता न आलेले ग्लुटामेट हे संदेशवाहक द्रव्य. अशा मेंदूचा एक छेद मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रक्तवाहिनीभोवती पेशींचे दाट कडे होते आणि त्यात अनेक मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून झालेली एक अवाढव्य पेशी, जिच्या कडेने केंद्रके ओळीने लागलेली होती. जवळच्या चेतापेशी मात्र वरवर धडधाकट दिसत होत्या. ते दृश्य मनातून जात नाही.

आता प्रश्न. पिगटेल मकाकमधील जलद प्रारूपात (आजार लवकर घडवून आणणाऱ्या प्रयोगपद्धतीत) सुरुवातीला मेंदूत विषाणूचा आरएनए, म्हणजे तो सक्रिय असल्याची खूण, सापडतो, २१ व्या दिवसाच्या सुमारास तो जवळजवळ दिसेनासा होतो, पेशीत दडलेला त्याचा डीएनए मात्र टिकून राहतो आणि तीन महिन्यांच्या आत बहुतेक माकडांना मेंदूदाह होतो. हा उशिराचा दाह त्या दबून बसलेल्या विषाणूमुळे होतो, की पुढे रक्तातून नव्याने येणाऱ्या पेशींमुळे? शिवाय एसआयव्ही निसर्गतःच बाळगणाऱ्या सूटी मँगाबे या आफ्रिकी माकडांच्या रक्तात विषाणू भरपूर असूनही ती सहसा आजारी का पडत नाहीत?

प्रतिसाद

दोन्हींपैकी एकच कारण निवडण्याचा आग्रह धरू नये, असे मला वाटते. तरी माझा कल नव्या पेशींकडे अधिक आहे. मकाक माकडांना अल्फा-४ इंटिग्रिनविरुद्धचे (पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीला चिकटून बाहेर पडू देणाऱ्या प्रथिनाविरुद्धचे) प्रतिपिंड देऊन पेशींची मेंदूकडे होणारी ये-जा रोखली, तेव्हा लागणीच्या वेळीच उपचार मिळालेल्यांच्या मेंदूत विषाणू आढळला नाही, आणि २८ व्या दिवसापासून उपचार मिळालेल्यांत चेतापेशींची हानी पुढे वाढली नाही. म्हणजे विषाणू एकदा आत गेल्यावरही हानी चालू ठेवायला बाहेरून कुमक लागते. अस्थिमज्जेतून मोनोसाइट जितक्या झपाट्याने रक्तात उतरतात, तितका मेंदूदाह तीव्र असतो, हेही याच्याशी जुळते. दबलेला विषाणू मात्र विसरू नका, कारण औषधांनी रक्तातील विषाणू आटोक्यात आलेल्या माकडांच्या मेंदूतही त्याचा डीएनए मिळतो.

मँगाबेबाबत म्हणाल तर त्यांच्यात सुरुवातीची प्रतिकारप्रतिक्रिया जोरदार असते, पण काही आठवड्यांत ती शमते. मकाकमध्ये ती धगधगत राहते, आणि मोनोसाइट मेंदूकडे धाडण्याचे काम तीच करते.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. २८ व्या दिवसाचा मुद्दाच माझ्या हातून निसटला होता. आता एवढेच विचारतो: मेंदूमज्जाद्रवातील सीसीएल२ (मोनोसाइटना ओढून आणणारे संकेतप्रथिन) वाढलेले दिसले, तर ते या ये-जा वाढल्याचे आगाऊ चिन्ह मानता येईल का?