दादऱ्याची गाठ बसली! आजारपणानंतर ताकद कशी परत आणलीत? लिहा तुमचेही अनुभव

जास्वंद
आज कैरीचं लोणचं घातलं आणि बरणीला दादरा, म्हणजे तोंडावरचं फडकं, मी बांधला. गाठ पहिल्याच ओढीत घट्ट बसली आणि मी ओट्याला टेकून रडायला लागले, लेक धावत आली काय झालं म्हणून. गेल्या जूनमध्ये हीच बरणी नवऱ्याने बांधली होती, माझ्या चिमटीत दोराच धरवत नव्हता.

जानेवारी २०२५, जीबीएस, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, सिंहगड रोडवाल्यांना साथीचे ते दिवस वेगळे सांगायला नकोत. आधी जुलाब, मग आठ-दहा दिवसांनी पायाला मुंग्या, आणि एका सकाळी पायातली चप्पल निसटून मागे राहिली ते मला कळलंच नाही, चार पावलं अनवाणी चालून गेले होते. संध्याकाळपर्यंत उठता येईना. पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन हे औषध, आयसीयूत एकूण अकरा दिवस. डॉक्टरांनी समजावलं की जंतूंशी लढायला उठलेली शरीराचीच फौज नसांवर उलटली, आणि माझ्या बाबतीत नसेचं वरचं आवरणच नाही तर आतली तारही दुखावलीय, ती वाढली तर रोज साधारण एक मिलिमीटर वाढते. मी पडल्या पडल्या हिशोब केला, गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंत ४५ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा वर्ष.

घरी आल्यावर व्यायाम काय, तर पलंगावर पडून पंजा आपल्याकडे ओढायचा, दहा वेळा. हलायचाच नाही. फिजिओताई म्हणायच्या, हलला नाही तरी ओढा, डोक्यातून निरोप जात राहू दे. तेविसाव्या दिवशी अंगठा हलला. मग कपड्यांचे चिमटे वाटीच्या कडेला लावायचे नि काढायचे, आधी जुने सैल झालेले, मग नवे कडक. कणीक एप्रिलमध्ये, पहिल्यांदा एकाच पोळीची. सगळ्यात अवघड होतं ते थांबणं. यात दमेपर्यंत करायचं नसतं, आज केलं आणि उद्या सकाळी पाय शिशासारखे वाटले तर काल जास्त झालं समजायचं. मी एकदा हट्टाने जिन्याचे दोन मजले केले आणि पुढचे तीन दिवस आडवी.

लिहा तुमचं. आजार कुठलाही असू दे.

पाऊलवाट
अगं किती सोसलंस. आम्ही किरकटवाडीला, तेव्हा पिंपं भरून पाणी उकळत होतो, गॅस सिलिंडर पंधरा दिवसांत संपायचा. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा पण ॲडमिट होता, आता क्रिकेट खेळतो. डबे भरायचेत, नंतर नीट लिहिते. लोणच्याला मोहरीची डाळ किती घेतलीस ते मात्र सांग.

रंकाळा
बायपास. वय ५४. छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं, खोकला आला की उशी कवटाळायची हे पहिलं शिक्षण. हाड जुळेपर्यंत अडीच किलोच्या वर उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, पलंगावरून उठताना हातावर रेटा द्यायचा नाही, कुशीवर वळून पाय खाली सोडायचे. मी रोज सकाळी तालमीत जाणारा माणूस, घरात चार फेऱ्या मारल्या की घाम. पहिल्या आठवड्यात गल्लीच्या तोंडापर्यंत, दुसऱ्यात पानपट्टीपर्यंत, तिसऱ्यात शाळेच्या भिंतीपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी बसायला जागा आहे का ते बायको आधी बघून यायची. डॉक्टरांचा नियम सोपा होता, चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर हळू, गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवा. मी बायकोला रोज तिचीच माहेरची गाणी म्हणून दाखवायचो, ती म्हणायची वाढवा आता वेग. चौथ्या महिन्यात रंकाळ्याला पूर्ण फेरी झाली. त्या दिवशी तांबडा-पांढरा नाही, ताक-भाकरी खाल्ली, पण काय चव होती राव.

मीठभाकर
एप्रिल २०२१, कोविड. जास्त सांगत नाही, सगळ्यांच्या घरात काही ना काही झालंच होतं. आईला अठरा दिवस ऑक्सिजन, त्यात स्टेरॉइड. घरी आणली तर मांड्या नुसत्या कातडं लोंबल्यासारख्या, खुर्चीतून उठताना दोघांनी धरायचं. तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र दिलेलं, पहिला चेंडू जेमतेम थरथरायचा. बसल्या जागी ऑक्सिजन ९५, पण संडासपर्यंत जाऊन आली की ९०, म्हणून चालताना ऑक्सिमीटर बोटाला, तीन-चारने उतरला की जिथे असेल तिथे बसायचं, मी मागे प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन. खुर्चीतून उठ-बस हाच मुख्य व्यायाम. आधी खुर्चीवर दोन उशा टाकून, मग एक, मग नुसती खुर्ची, मग हात न टेकता. उशी काढली त्या दिवशी तिनेच ती उचलून कपाटात ठेवली. तिसरा चेंडू जुलैत वर गेला. दोन डाळींचं वरण, अंडं, खिमट, जे घशाखाली उतरेल ते.

वाटाणाफुटाणा
चिकुनगुन्यानंतर सकाळी बोटं वळत नाहीत, हे यात बसतं का? सात महिने झाले. गरम पाण्यात हात बुडवून मग मुठी उघडझाक करते, तेवढ्याने अर्धा तास बरं वाटतं.

जास्वंद
@वाटाणाफुटाणा बसतं की! पण सात महिने म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना एकदा दाखवच, अंगावर काढू नकोस.
@पाऊलवाट एक किलो फोडींना शंभर ग्रॅम डाळ, आणि तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून.

तिसरा मजला
वडिलांना अर्धांगवायू, उजवी बाजू. त्यांचं शिवणकाम, चाळीस वर्षं काज-बटण हाताने केलेला माणूस. पहिले दोन महिने एक जण घरी यायचे, हाताला मशीन लावून मोबाइल बघत बसायचे, पैसे घेऊन जायचे. ते दोन महिने वाया गेले याचा राग अजून येतो, कारण सुरुवातीच्याच काळात सगळ्यात जास्त परत मिळतं असं नंतर कळलं. मग दुसऱ्या ताई मिळाल्या. बोटं जराशी उघडायला लागली होती, तेव्हा त्यांनी चांगल्या डाव्या हाताला जाड मोजा घातला, दिवसातले ठरावीक तास तो काढायचाच नाही, जे करायचं ते उजव्याने. बाबा चिडायचे, एकदा पोह्यांची ताटली भिरकावली. मी गोळा करताना ते म्हणाले, थांब, आणि उजव्या हाताने जमिनीवरचे शेंगदाणे एकेक उचलायला लागले. अकरा उचलले. आता मोठं बटण लावतात, काज होत नाही, बहुतेक होणारही नाही. पण रोज सकाळी देवपूजेनंतर तासभर सुई-दोरा घेऊन बसतात आणि मी त्यांना कधीच पुरे म्हणत नाही.

पाऊलवाट
@तिसरा मजला अकरा शेंगदाणे वाचून भाजी करपली माझी. बाबांना नमस्कार सांग.

कृष्णाकाठ
टीबी, वजन ३८ किलो, तेव्हा मी कॉलेजात. सहा महिने गोळ्या. चुलते पैलवान, लोकांना वाटलं लगेच जोर-बैठका काढायला लावणार, पण काका म्हणाले पहिले दोन महिने फक्त जेवायचं नि झोपायचं, आगीत नुसता वारा घालून काय होतं, लाकूड नको? शेंगदाणे-गूळ, दोन अंडी, रात्री दूध. तेव्हा सरकारकडून पोषणाचे महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झालेत, कुणाच्या घरी पेशंट असेल तर नोंद झाली का बघा. तिसऱ्या महिन्यापासून भिंतीला हात लावून उभे जोर, पाच. मग ओट्याच्या उंचीवर, मग पलंगाच्या, मग जमिनीवर. कोर्स संपला तेव्हा ४९ किलो. गोळ्या मात्र एक दिवस चुकवली नाही, बरं वाटायला लागलं की पोरं सोडतात, ते करू नका.

रंकाळा
काका म्हणजे खरा वस्ताद माणूस. सांगलीचे का?

कृष्णाकाठ
होय. अजून पहाटे चारला उठतात.

नवीन पान
सगळं एका दमात वाचलं. भावाला परवा घरी आणलं, जीबीएसच, वय २९, पाच आठवडे हॉस्पिटलात होता. भिंतीकडे तोंड करून पडून असतो, बोलत नाही. फिजिओ सोमवारपासून येणार. तोवर आम्ही काय करू?

जास्वंद
@नवीन पान फिजिओने सांगितल्याशिवाय त्याला ओढून उभं करू नका, आणि बगलेत हात घालून तर उचलूच नका, खांदा निखळतो. हॉस्पिटलात शिकवलेल्या हालचाली असतील तर तेवढ्याच, थोड्या थोड्या. दर दोन तासांनी कूस बदला. टाच गादीवर घासत असेल तर पोटरीखाली उशी, टाच अधांतरी राहिली पाहिजे. गिळताना ठसका लागला किंवा श्वास लहान वाटला तर वाट बघत बसू नका, तडक हॉस्पिटल. संडासात भिंतीला दांडी बसवून घ्या, प्लंबर उद्याच बोलवा, पहिल्यांदा एकट्याने जाऊन येईल तेव्हा तीच हाताशी लागेल. आणि भिंतीकडे तोंड करून पडणं, मीही पडायचे गं. आज रात्री ऑनलाइन आहे मी, त्याला वाटलं तर माझ्याशी बोलू दे, नाही वाटलं तर तू बोल.