‘द जॉइज ऑफ मदरहुड’ या शीर्षकाचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न (अनवट):
आमच्या वाचनमंडळात या महिन्यात नायजेरियाच्या बुची एमेचेटा यांची ‘द जॉइज ऑफ मदरहुड’ ही १९७९ सालची कादंबरी वाचली गेली. नायिका न्नू एगो हिचे पहिले मूल तान्हेपणीच दगावते आणि ती लागोसच्या पुलावरून जीव द्यायला धावते, तिथे कादंबरी सुरू होते. पुढे तिला अनेक मुले होतात, पण सुख कुठेच दिसत नाही. शीर्षक केवळ उपरोधिक मानावे, की लेखिका मातृत्वाच्याच विरोधात होत्या, यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. शिवाय मंडळाच्या टिपणासाठी शीर्षकाचे मराठी रूप हवे आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १ (शब्दवेल्हाळ):
हे शब्द मुळात एमेचेटा यांचे नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. नायजेरियाच्याच फ्लोरा न्वापा यांच्या ‘एफुरू’ (१९६६) या कादंबरीचा शेवट पाहा. एफुरूची आराध्य देवता तळ्यात राहते. ती रूपवती आहे, धनवान आहे, भक्तिणींना रूप आणि संपत्ती देते, पण मातृत्वाचे सुख तिने कधीच अनुभवलेले नाही, मग बायका तिला का भजतात, असा प्रश्न न्वापा विचारतात आणि तिथेच कादंबरी थांबवतात. तेरा वर्षांनी एमेचेटा यांनी तोच शब्दप्रयोग उचलून शीर्षकात बसवला आणि जिच्या पदरी ते सुख भरभरून पडले तिची कथा लिहिली. न्वापांचा शब्द एकवचनी होता, एमेचेटांनी तो अनेकवचनी केला. माझ्या मते उपरोध त्या अनेकवचनात आहे.

प्रतिसाद २ (पानोपानी):
लेखिका मातृत्वाच्या विरोधात होत्या, हे मला अजिबात पटत नाही. १९४४ साली लागोसमध्ये जन्मलेल्या, इबुझा हे मूळ गाव असलेल्या या इग्बो (नायजेरियातील एक समाज) मुलीचे वडील रेल्वेत कामाला होते आणि ती लहान असतानाच वारले. शिष्यवृत्तीवर शिकून सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले, १९६२ मध्ये ती नवऱ्यामागोमाग लंडनला गेली, आणि पाचवे मूल पोटात असताना, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मुलांना घेऊन तिने तो संसार सोडला. त्याआधी नवऱ्याने तिच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित जाळले होते. तीच कादंबरी तिने पुन्हा लिहून काढली, ती ‘द ब्राइड प्राइस’ (१९७६). वराकडून वधूच्या घरी जाणारी ही रक्कम म्हणजे आपल्याकडचे देज. हा जुना शब्द इथे नेमका लागू पडतो. वाचनालयातील नोकरी, मुलांचे संगोपन, समाजशास्त्राची पदवी आणि लेखन हे सारे तिने एकटीने ओढले. तरीही ‘सेकंड-क्लास सिटिझन’ (१९७४) तिने पाचही मुलांना अर्पण केली आहे, आणि त्यांच्या गोड गोंगाटाच्या पार्श्वसंगीताशिवाय हे पुस्तक लिहिलेच गेले नसते, असे अर्पणपत्रिकेत म्हटले आहे. मुलांच्या गलक्यात लिहिणाऱ्या कोणाही बाईला यातला मिश्कीलपणा कळेल.

मात्र न्नू एगो म्हणजे लेखिका नव्हे. न्नू एगो रस्त्यावर सिगारेटी आणि काड्यापेट्या विकून मुले वाढवते. नवरा गोऱ्या साहेबाचे कपडे धुणारा, पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यात ओढला गेलेला. तिच्याकडे लेखणी नव्हती, हा फरक मोठा आहे.

प्रतिसाद ३ (मधली ओळ):
दोन गोष्टी जोडतो. पहिली म्हणजे सवत अडाकू. तिला मुलीच असल्यामुळे घरात मान नाही. शेवटी ती घर सोडते, लोक तिला नावे ठेवतात, पण मुलींना शिकवण्याचा निर्धार ती सोडत नाही. पुत्रवती न्नू एगोपेक्षा अधिक मोकळा श्वास तीच घेते. एमेचेटा स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेताना त्या शब्दाचे आद्याक्षर लहान लिपीतले आहे, असे सांगत. मराठीत मोठ्या-लहान लिपीचा भेदच नसल्याने ही खोच भाषांतरात हमखास गळते.

दुसरी गोष्ट न्नू एगोच्या ‘ची’ची, म्हणजे इग्बो समजुतीप्रमाणे प्रत्येकाच्या जन्मासोबत येणाऱ्या व्यक्तिगत दैवताची. तिची ‘ची’ म्हणजे वडिलांच्या थोरल्या बायकोसोबत पुरण्यासाठी मारलेली एक गुलाम मुलगी. स्वतःच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्यासाठी मातीत गेलेल्या त्या मुलीची सावली साऱ्या कादंबरीवर आहे, आणि हा धागा सोडून केवळ आई-मुलांची गोष्ट म्हणून वाचले तर अर्धी कादंबरी हातातून निसटते.

अनवट:
सर्वांचे आभार. आमच्या वादात ‘एफुरू’चा संदर्भ कोणालाच ठाऊक नव्हता. शीर्षकासाठी ‘मातृत्वाची सुखे’ आणि ‘आईपणाचे सोहळे’ असे दोन पर्याय सुचले आहेत. पहिला शब्दाला धरून आहे, पण कानाला ओबडधोबड लागतो.

शब्दवेल्हाळ:
‘सोहळे’ ठेवावे. न्नू एगो रात्री रस्त्याच्या कडेला एकटीच मरते, हात धरायला एकही मूल जवळ नसते. मग मुले धावत येतात, थोरला कर्ज काढून तिच्या इबुझा गावाने पाहिला नव्हता असा अंत्यविधी करतो आणि ते कर्ज फेडायला त्याला तीन वर्षे लागतात. तिच्या नावाने पूजास्थानही उभे राहते, पण मुलासाठी नवस करणाऱ्या बायकांना ती पावत नाही.