पाडव्याआधीची गाडीधुणी आणि मागच्या सीटवरची हळद

(विश्रामबाग, सांगली. सोसायटीचा ग्रुप. रविवार, १५ मार्च २०२६)

सेक्रेटरी काका ए-२०१: सर्वांना नमस्कार. गुरुवारी पाडवा आहे म्हणून सकाळपासून पार्किंगमध्ये गाड्या धुवायचा सपाटा लागलाय, हरकत नाही, पण कृपया पाईप लावून धुवू नका. सात वाजता वरची टाकी भरलेली मी स्वतः बघितली आणि साडेनवाला परत मोटर लावावी लागली.

मावशी बी-१०४: साडेसहापासून चालू आहे ओ पाईप. माझ्या खिडकीखालीच नळ आहे, मला कळतंय की. मी आपली स्कूटी ओल्या फडक्यानं पुसते आणि मेंटेनन्स मात्र चारचाकीवाल्यांइतकाच भरते

निखिल सी-१०३: मावशी तो पाईप माझा नव्हता, मी बादलीवाला आहे. काका तुम्ही म्हणताय ते खरंय, मी एकदा मोजलं होतं, आपल्या नळाला पाईप लावला की २० लिटरची बादली दीड मिनिटात भरते, म्हणजे माणूस वीस मिनिटं गाडीभोवती फिरत बसला तर अडीचशे लिटरच्या वर गेलं, आणि त्यातलं निम्मं तर तो साबण लावत असताना पाईप खाली नुसता वाहत असतो तेव्हा जातं. दोन बादल्यांत गाडी होते. चाळीस लिटर, फार तर पन्नास.

देशमुख आजोबा ए-१०१: आमची फियाट एका तांब्यात चकाचक व्हायची. रोज सकाळी कोरडं फडकं मारायचं, गाडी धुवायची वेळच येत नाही. आजकाल नुसती थेरं.

निखिल सी-१०३: आजोबा रागावू नका पण ते कोरडं फडकंच गाडीची वाट लावतंय. आपल्याकडं सध्या धूळ कसली आहे बघा, शेताची माती, ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी उडवलेली रस्त्याची वाळू, हे सगळं बारीक कणीसारखं बॉनेटवर बसलेलं असतं, त्याच्यावर कोरडं फडकं फिरवलं म्हणजे आपण पॉलिश पेपर फिरवतोय. तुमच्या वॅगनआरचं बॉनेट दुपारी उन्हात तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतील. मोरपिसासारखा तो झाडणारा ब्रश मिळतो त्यानंही तेच होतं. आधी नुसतं पाणी ओतून धूळ खाली जाऊ द्यायची, मग हात लावायचा.

देशमुख आजोबा ए-१०१: बॉनेट उन्हात तिरकं बघायला मी काय सोनार आहे का

भोसले सर सी-२०२: हाहाहा

शिंदे काका बी-२०१: निखिल दोन बादल्या म्हणजे काय रे, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची ना? मी निरम्याचं पाणी करतो, फेस चांगला येतो

निखिल सी-१०३: हो काका. साबणाच्या बादलीत बुडवायचं, एक पत्रा धुवायचा, मग साध्या पाण्याच्या बादलीत पिळून माती सोडायची आणि मगच परत साबणात. एकच बादली असेल तर दुसऱ्या दारापर्यंत आपण आपलाच चिखल गाडीला लावत बसतो. वरून खाली यायचं, टप, काचा, बॉनेट, दारं आणि सगळ्यात शेवटी खालचा पट्टा, तिथं सगळ्यात घाण असते. चाकांना वेगळं फडकं आणि ते फडकं परत वर आणायचं नाही. आणि निरमा नको ओ. कपड्याची पावडर आणि भांड्याचं लिक्विड तेलकटपणा काढायलाच बनवलेलं असतं, ते गाडीवरचं वॅक्सपण काढून नेतं, मग दोन वर्षांत लाल गाडी गुलाबी दिसायला लागते. कार शॅम्पूची बाटली एकदा आणली की वर्ष काढते, एका बादलीला दोन टोपणं बास.

शिंदे काका बी-२०१: म्हणून माझी गुलाबी झाली होय. मला वाटलं ऊन लागलं

निखिल सी-१०३: ऊनही आहेच. म्हणून सकाळी नाहीतर पाचनंतर धुवा, बारा वाजता तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू टाकला की पुसायच्या आत वाळतो आणि डाग धरतो

वैशाली वहिनी बी-३०२: निखिल अरे तू आहेस तर एक विचारते. काल हे सासरहून हळद घेऊन आले, दळून आणलेली, पाच किलोची पिशवी, तासगाव रोडला स्पीड ब्रेकरवर गाडी आदळली आणि पिशवी मागच्या सीटवर फुटली. आपली सीट फिकट बदामी कापडाची. मी रात्री गडबडीनं साबणाचं पाणी करून घासलं तर सगळं लालभडक झालं!! आता मागं बसलं की खून झाल्यासारखं दिसतंय. पाडव्याला माझ्या जाऊबाई मिरजेहून येणार आहेत आणि त्यांना स्टेशनवरून आणायचंय ह्याच गाडीतून

मावशी बी-१०४: अगं बाई

शिंदे काका बी-२०१: सांगलीत राहून हळदीला घाबरता होय वहिनी

वैशाली वहिनी बी-३०२: हळदीला नाही जाऊबाईंना

भोसले सर सी-२०२: वहिनी घाबरू नका, हा माझा विषय आहे, नववीच्या पोरांना दरवर्षी शिकवतो. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. त्याला अल्कली लागलं की तो तांबडा होतो, साबण अल्कलीच. कुंकू कसं करायचे आपल्याकडं? हळदीला चुना नाहीतर टाकणखार लावूनच की. तुम्ही काल रात्री मागच्या सीटवर कुंकू तयार केलंय एवढंच. आता त्याच्यावर लिंबाचं पाणी नाहीतर व्हिनेगर पाण्यात पातळ करून हलक्या हातानं टिपा, परत पिवळं होईल. आधी सीटच्या खालच्या कोपऱ्यात थोडं लावून बघा कापडाचा रंग जातोय का.

वैशाली वहिनी बी-३०२: सर पिवळं होऊन काय करू, पांढरं पाहिजे

भोसले सर सी-२०२: ते ऊन करतं. कर्क्युमिनला उन्हात टिकता येत नाही, म्हणून तर हळद डब्यात अंधारात ठेवतो. हळदीकुंकवाला साडीवर पडलेला डाग आई वाळत घालायची आणि दोनतीन दिवसांत जायचा, आठवतंय का. सीट ओलसर करायची, गाडी मागचं दार पश्चिमेला येईल अशी लावून दार उघडं ठेवायचं, दुपारचं ऊन थेट सीटवर पडलं पाहिजे. काचेतून आलेलं ऊन तेवढं काम करत नाही. मार्चचं आपलं ऊन, तीन दुपारी पुष्कळ झाल्या.

निखिल सी-१०३: सर भारी. वहिनी आणि एक, फटीत अजून कोरडी पावडर असणार, शिलाईत आणि सीटबेल्टच्या बकलात. तिथं पाणी लागायच्या आधी व्हॅक्युमनं ओढून घ्या, एकदा ओली झाली की ती शाई आहे. माझा व्हॅक्युम घेऊन जा, पण पिशवी रिकामी करून परत द्या, मागच्या वेळी शिंदे काकांनी पाव किलो बेदाणे परत दिले होते

शिंदे काका बी-२०१: अरे सीझनला बॉक्स न्यायला लागतात रे शेडवरून. सीट पुढं सरकवली तर रुळात बेदाणे आणि बेदाण्यामागं मुंग्यांची वारी. चिकट होतं ते गरम पाण्याच्या फडक्यानं निघालं पण मुंग्या अजून येतात, त्यांना पत्ता पाठ झालाय

सेक्रेटरी काका ए-२०१: पश्चिमेकडची जागा डी विंगच्या पाहुण्यांसाठी आहे. वहिनी तीन दिवस लावा, मी वॉचमनला सांगतो. बाकी कुणी प्रथा पाडू नये.

कदम ए-३०३: हे सगळं वाचून मी पण आज गाडी आतून साफ करायला काढली. २०१९ च्या पुरात माझी गाडी भावाकडं गावभागात उभी होती, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं होतं तेव्हा, गाडी स्टेअरिंगपर्यंत बुडाली. मेकॅनिकनं बजावलं होतं चावी लावू नका म्हणून वाचली, इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता आणि इंजिनच गेलं असतं. कार्पेट बदललं, सीट धुतल्या, तीनदा. आणि आज ड्रायव्हर सीटचे चार बोल्ट सोडून सीट बाहेर काढली तर खालच्या खाचेत कृष्णेची माती, वाळून कडक झालेली, सात वर्षांनी. सीटबेल्ट पूर्ण ओढून काढला तर शेवटच्या हातभरावर तो मळकट पट्टा अजून तसाच. धुतला आणि रात्रभर क्लिप लावून बाहेर ओढून ठेवलाय, ओला आत गेला की वास मारतो. माती मात्र कागदात गुंडाळून ठेवली, का ते माहीत नाही

मावशी बी-१०४: कुंडीत घाला. तुळस चांगली येईल

निखिल सी-१०३: कदम साहेब सीट काढताना खाली पिवळी वायर होती ना, ती एअरबॅगची असते, बॅटरी काढल्याशिवाय तिला हात लावू नका. बाकीच्यांनी सीट काढायच्या भानगडीत पडू नका, पुढं मागं सरकवून साफ करा बास झालं. त्यापेक्षा दोन गोष्टी करा ज्या कुणीच करत नाही. एक, ग्लोव्ह बॉक्स काढला की मागं एसीचा फिल्टर असतो, तो ओढून बघा. माझ्यात पिंपळाची पानं, एक झुरळ आणि एवढी धूळ निघाली की मी वर्षभर काय श्वासात घेत होतो कळेना. झटकून चालत नाही, बदलायचा, साधारण पंधरा वीस हजार किलोमीटरला. दोन, दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात पाणी जायला, ती माचिसच्या काडीनं मोकळी करा. ती बुजली की पावसाचं पाणी दारात साठतं आणि पत्रा आतून सडतो, बाहेर फोड आलेली दिसते तोवर खेळ खल्लास असतो.

शिंदे काका बी-२०१: आणि इंजिनवर प्रेशरनं पाणी मारू का? धुळीनं भरलंय

निखिल सी-१०३: अजिबात नको. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, सगळे सेन्सर तिथंच. ब्रशनं झाडा आणि ओल्या फडक्यानं पुसा, तेही थंड असताना. काचेखालच्या जाळीत अडकलेली पानं मात्र काढा, तिथंच उंदीर घर करतो.

सेक्रेटरी काका ए-२०१: पाण्याचा मुद्दा राहिला. सर्वांच्या घरी आरओ आहे, त्याचं वाया जाणारं पाणी साठवून गाड्यांना वापरावं असा प्रस्ताव मी मांडतो.

भोसले सर सी-२०२: काका हेतू चांगला आहे पण ते पाणी आपल्या बोअरपेक्षा जड असतं, आरओनं गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. मॅट, चाकं, पार्किंगची फरशी धुवा त्यानं. पत्र्यावर आणि काचेवर वाळलं की पांढरे ठिपके पडतात.

निखिल सी-१०३: बोअरच्या पाण्यानंही पडतात. बोअरनं धुवा पण शेवटचा हात महापालिकेच्या पाण्यानं आणि लगेच मायक्रोफायबरनं टिपून घ्या, वाऱ्यावर वाळू देऊ नका. ती फडकी मशीनला टाकताना कम्फर्ट घालायचं नाही, मग पाणीच शोषत नाहीत, आमच्या घरी ह्यावरून दोनदा भांडण झालंय. आणि खरं मऊ पाणी पाहिजे तर एसीचं. बेडरूमच्या एसीच्या पाईपखाली बादली ठेवा, रात्रभर एसी लावणाऱ्याकडं सकाळी गाडी शेवटची विसळायला पुरेल इतकं जमतं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

मावशी बी-१०४: माझ्या गॅलरीत वरच्यांच्या एसीचं पाणी रोज टपटपतं त्याबद्दल मी तीन मीटिंगा ओरडले. आता ते मऊ पाणी झालं. घेऊन जावा मग बादली लावून

कदम ए-३०३: आमच्या ऑफिसमधला एक जण घाटावर नेऊन धुतो गाडी, नदीत चाकं घालून

सेक्रेटरी काका ए-२०१: त्याला सांगा तेच पाणी पुढं कुणीतरी पितं.

वैशाली वहिनी बी-३०२: अपडेट. लिंबाच्या पाण्यानं खरंच पिवळं झालं!! चार वाजेपर्यंत ऊन दिलं, बसायच्या जागी बरंच फिकं झालंय, शिलाईत अजून आहे. सर तुमच्याकडं पुरणपोळी पाठवते पाडव्याला

भोसले सर सी-२०२: श्रीखंड चालेल

वैशाली वहिनी बी-३०२: आणि आमचे हे म्हणतायत डॅशबोर्डला ते चकचकीत पॉलिश मारू का

निखिल सी-१०३: नको. चकाकी समोरच्या काचेत दिसते आणि दुपारी सांगली मिरज रोडला समोरचं काही दिसत नाही. ओलं फडकं मारा, पुरे. स्टेअरिंग आणि पेडलला तर मुळीच लावू नका, हात पाय सटकतात.

(सोमवार, १६ मार्च, सकाळी ६.४०)

मावशी बी-१०४: उठा सगळे आणि खाली जाऊन बघा. रात्री मागं कुणीतरी पाचट पेटवलंय. काळ्या काळ्या चिंध्या उडून सगळीकडं पडल्यात, गुढीला काढलेली साडी दोरीवर होती माझी

शिंदे काका बी-२०१: कालचे चार तास गेले की ओ माझे

सेक्रेटरी काका ए-२०१: पाईप लावायचा नाही.

निखिल सी-१०३: कुणीही फडकं मारू नका प्लीज!! ती काजळी चोळली की चरबट काळं बसतं. नुसतं पाणी ओता वरून, आपोआप उतरतं. वहिनी मागचं दार बंद करा आधी

वैशाली वहिनी बी-३०२: केलं केलं

निखिल सी-१०३: आजोबा तुम्ही खाली आहात का? फडकं नको हं

निखिल सी-१०३: आजोबा?

देशमुख आजोबा ए-१०१: टप आणि दोन दारं पुसून झाली. बॉनेट राहिलंय. ये बादली घेऊन.